आजीच्या तुळशीमाळेविषयी

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजी गेल्यावर तिची तुळशीची माळ आणि हरिपाठाची जीर्ण पुस्तिका तुझ्या वाट्याला आली. ज्या देवावर आपला तिच्याएवढा विश्वास नाही, त्याच्या या वस्तू जवळ बाळगणे हे ढोंग ठरेल का, असे तू विचारले आहेस. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सावकाश देते.

आधी माळेचे सांगते. ती इतक्यात गळ्यात घालू नकोस. वारकऱ्याची माळ हा दागिना नव्हे. ती घालणारा मद्यमांस सोडतो, एकादशी धरतो आणि पंढरीची वारी पत्करतो. यातले काहीच न पत्करता नुसती आठवण म्हणून ती घातलेली तुझ्या आजीलाच रुचली नसती. माळ देव्हाऱ्यात राहू दे. पुस्तिका मात्र उघड आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर ती म्हणत असे तसा हरिपाठ मोठ्याने म्हण. त्याला अर्धा तासही लागत नाही.

मन मानत नसताना म्हणायचे कसे, असे तू विचारशील. आधी विश्वास बसावा आणि मग आचरण सुरू व्हावे, असा क्रम तू धरून चालला आहेस. वारकरी घरांत तो पुष्कळदा उलटा असतो. तुकोबांचेच पाहा. देहूच्या त्यांच्या घराण्यात विठ्ठलाची उपासना पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली होती, आणि पांडुरंगाच्या चरणसेवेला ते स्वतः वडिलांची मिरासी म्हणतात, म्हणजे वतनाच्या जमिनीसाठी वापरायचा शब्द ते भक्तीसाठी वापरतात. पण मिरासी हाती आली म्हणून शेत आपोआप पिकत नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पैसा गेला, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. आणि त्यानंतर आपण काय केले, हे त्यांनी आत्मपर अभंगात विलक्षण साधेपणाने सांगितले आहे. देवाचे देऊळ भंगले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. आरंभी एकादशीला कीर्तन करू लागलो, पण चित्ताला अभ्यास नव्हता. संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. मला यातली मधली कबुली सर्वांत मोलाची वाटते. ज्यांच्या गाथेवर महाराष्ट्र पोसला, त्यांनीही सुरुवात पडक्या भिंतीच्या डागडुजीपासून आणि दुसऱ्यांच्या पाठ केलेल्या शब्दांपासून केली. पुढे 1685 मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीला नेण्याची प्रथा सुरू केली ती त्यांचे पुत्र नारायणबाबा यांनी, आणि परंपरा सांगते की तुकोबा गेले तेव्हा हा मुलगा आईच्या पोटात होता.

दुसरी गोष्ट लिहिताना हात थोडा जड होतो, पण ती लपवली तर हे पत्र खोटे होईल. माझी आजी फलटणजवळच्या खेड्यातली. पालखी गावावरून जाई तेव्हा ती दिंडीत मिसळे आणि थेट पंढरपूर गाठी. कीर्तन संपले की सगळे एकमेकांच्या पायांना हात लावतात. सात वर्षांच्या माझ्याही पाया ती 'माउली' म्हणून पडे आणि मी लाजून पळत सुटे. त्याच आजीच्या स्वयंपाकघराबाहेर, कोनाड्यात, एक कानतुटका कप उपडा ठेवलेला असे. तो अंगण झाडायला येणाऱ्या बाईंसाठी होता. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले, तेव्हा आजी नाराज होती, असे वडील सांगत. हरिपाठ तिच्याच मांडीवर पाठ केलेल्या माझ्या वडिलांनी एके दिवशी तो कप धुऊन घरातल्या कपांत ठेवला. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बाईंना हाताला येईल त्या कपात चहा दिला. आपले चुकले असे ती कधीही म्हणाली नाही, आणि वडिलांनीही ते म्हणवून घेतले नाही.

तुझ्या आजीच्या आचरणातही असा एखादा उपडा कप असेल. तो सापडला की तिची सगळी भक्ती खोटी होती, असा निकाल घाईने देऊ नकोस; आणि भक्ती खरी होती म्हणून कपाकडे डोळेझाकही करू नकोस. वडिलांनी कप हलवला तो बाहेरून आणलेल्या एखाद्या विचाराच्या जोरावर नव्हे, तर सगळ्यांच्या पाया पडण्याची जी रीत आजीनेच त्यांना लावली होती, तिच्या जोरावर. तिच्याशी वाद घालायला लागणारे शब्दही तिच्याच घरात होते.

ज्येष्ठात माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, तेव्हा ये. मजल मोठी आहे आणि मध्ये दिवे घाट चढायचा आहे, म्हणून नवी चप्पल घालू नकोस. मी घाटाच्या पायथ्याशी थांबेन. पुस्तिका बरोबर आण. पाठ नसलेला अभंग आला, तर चालता चालता पाहून म्हणता येईल.

तुझी,
बाई