मे महिन्यातलं जॅकेट

"मॅडम, तुम्ही ह्याला जरा सांगा. माझं ऐकंना झालाय. वर्षात चौदा किलो वाढलाय. बोललं की ताट सारून उठायलाय, न बोलावं तर डोळ्यांदेखत फुगायलाय. करावं तरी काय मी?"

चप्पल काढता काढताच ताईंचं एवढं बोलून झालं होतं. मागे दाराशी त्यांचा मुलगा उभा होता. तो मोबाइलमध्ये बघत होता, पण मोबाइलची स्क्रीन बंद होती.

मुलगा १६ वर्षांचा. निलंग्याकडचं गाव. अकरावीपासून 'नीट'साठी लातूर, म्हणून आई दोन्ही लेकरांना घेऊन रूम करून राहिलेली. वडील गावाकडे शेती आणि खताचं दुकान बघतात, रविवारी एसटीने येतात. लातूरकरांना हे चित्र नवं नाही. धाकटी बहीण दादा म्हणते, म्हणून घरात सगळेच त्याला दादा म्हणतात. मीही इथे तेच म्हणते. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची हरकत नाही, फक्त "मार्क लिहू नका" म्हणाला.)

खाण्यापिण्याचा आणि वजनाचा सल्ला देण्याचं माझं काम. दर महिन्याला कुणी ना कुणी आई हाच प्रश्न घेऊन येते: वजन तर कमी व्हायला हवं, पण बोललं की लेकरू आतून मोडतं. ताईंनी घरात जे सुरू केलं होतं, तेच बहुतेक घरांत होतं. त्याच्यासाठी वेगळं ताट: काकडी, उकडलेली भाजी आणि एक पोळी. बहिणीच्या ताटात तूप-पोळी. भिंतीला टेकवून वजनकाटा, दर सोमवारी सकाळी वजन. फ्रीजच्या दारावर कुठल्याशा नटाचा फोटो. मामा आला की "काय पहिलवान!" आणि वडील त्यावर हसणारे.

दादा घरी एक पोळी खायचा आणि रात्री आठला अभ्यासिकेतून सुटल्यावर कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोन वडापाव, मंच्युरियन आणि वर थंड पेय. हे त्याने मला पहिल्याच भेटीत, आईला बाहेर बसवल्यावर, फार आढेवेढे न घेता सांगितलं. पकडला गेल्यासारखा चेहरा करून, पण सांगितलं. त्यात त्याचा दोष कमी होता. सकाळी साडेसहाच्या क्लासला उपाशी, दुपारी डबा अर्धा, संध्याकाळी काही नाही. आठ वाजता कुणीही गाड्यावरच उभा राहील.

"खेळायला जात नाहीस का?" मी विचारलं.

"अभ्यास असतो."

मी विश्वास ठेवला. इथे माझं चुकलं. लातुरात हे उत्तर इतकं सोयीचं आहे की त्याच्या मागे काय आहे ते कुणी बघतच नाही. मी त्याला रोज संध्याकाळी मैदानावर अर्धा तास चालायला सांगितलं. तो "हो मॅडम" म्हणाला आणि एकदाही गेला नाही.

तिसऱ्यांदा आला तो मे महिन्यात. बाहेर ४१ अंश, माझा कूलर गरम हवा फेकत होता, आणि हा गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट घालून समोर. मी सहज म्हणाले, "अरे, काढ की ते, किती उकडतंय." त्याने फक्त चेन आणखी वर ओढली. पाच मिनिटांत उठून गेला. पुढच्या दोन भेटींना आला नाही.

इतकी वर्षं हे काम करून त्या जॅकेटचा अर्थ मला लागायला हवा होता. तो लागला त्याच्या मेसेजवरून, रात्री साडेबाराला आलेला: "मॅडम मला मुलींसारखं झालंय. छातीला. कुणाला सांगू नका."

आधीच्या उन्हाळ्यात गावाकडच्या विहिरीत पोहायला शर्ट काढला, तेव्हा चुलतभाऊ हसले होते. पाठीला डबा बांधून जिथे तो सहाव्या वर्षी पोहायला शिकला, त्याच विहिरीवर. त्यानंतर तो विहिरीत उतरला नाही, मैदानावर पळाला नाही, कारण पळताना छाती हलते. आत दोन घट्ट बनियन, वर जॅकेट. आई ज्या काळात पोळ्या मोजत होती, त्या काळात पोरगं यूट्यूबवर पंधरा दिवसांत छाती सपाट करायचे व्हिडिओ बघत होतं आणि कुठलीतरी पावडर मागवायला पैसे जमवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला एवढंच कळवलं, की वयात येताना जवळपास निम्म्या मुलांच्या छातीत थोडी गाठ येते, हा हार्मोन्सचा तात्पुरता असमतोल असतो, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. त्यावर त्याचं उत्तर आलं, "खरंच?" आणि मग लगेच, "निम्म्या?"

डॉक्टरांकडे जायला तो तयार झाला, कारण बालरोगतज्ज्ञ पुरुष होते आणि आई आत येणार नव्हती. त्यांनी तपासून सांगितलं: थोडी गाठ, बरीचशी चरबी. गाठ आपली आपण जाईल, चरबी एकूण वजनाबरोबर उतरेल. एकाच बाजूला कडक गोळा किंवा स्राव असता तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी लगेच पाहिली. मानेवरचा काळा पट्टा. ताई तो मळ समजून दर रविवारी बेसन-लिंबाने घासत होत्या. तो मळ नव्हता. मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा ही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते. रक्ताच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ५.८ निघालं. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. वडिलांना साखर आहेच.

म्हणजे वजन हा खरोखर काळजीचा विषय होता. हे मुद्दाम लिहिते, कारण 'मुलांना बोलू नका' याचा अर्थ 'दुर्लक्ष करा' असा लावणारेही पालक भेटतात. पण मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) आकडा मुलांना जसाच्या तसा लावायचा नसतो. वय आणि मुलगा-मुलगी बघून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५च्या तक्त्यांवर तो बघतात. त्या तक्त्यावर दादा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर होता. उंची मात्र अजून वाढत होती. म्हणून डॉक्टरांनी पहिलं उद्दिष्ट ठेवलं ते वजन आहे तिथे थांबवण्याचं. वजनकाटा घरातून दवाखान्यात गेला, महिन्यातून एकदा, तोही त्याच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये.

मग एका रविवारी आई-वडील दोघांना बसवलं. छातीचं मी काही सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं होतं. वडिलांना एवढंच विचारलं, "तुम्हाला लहानपणी काय म्हणून चिडवायचे?" ते हसले, म्हणाले, "काळ्या." मग जरा थांबून म्हणाले, "अजून म्हणतात गावात." 'पहिलवान' त्या दिवसापासून बंद झालं. मामाचं बंद व्हायला दिवाळी उजाडली.

ताई वैतागल्या. "मग मी काहीच बोलायचं नाही का?"

बोलायचं. भूक लागली का, झोप झाली का, जिना चढताना दम लागतो का, हे बोलायचं. शरीर कसं दिसतं यावर नाही, आणि ताटावर बसलेला असताना तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नेमकं हेच सांगितलंय: घरात वजनाची चर्चा कमी, एकत्र जेवणं जास्त, डाएटच्या मागे लागलेली मुलं पुढे वजन वाढवून बसतात किंवा खाण्याच्या आजाराकडे वळतात. आणि त्याने स्वतःहून विचारलं, "मम्मी, मी जाड दिसतो का?" तर "नाही रे" म्हणू नका, त्याला आरसा आहे. "मग मी काय सांगते इतके दिवस?" असंही नको. "आज कुणी काही बोललं का?" हे विचारा. बहुधा कुणीतरी बोललेलं असतं.

वेगळं ताट गेलं. चौघांना एकच स्वयंपाक. गावाकडे रोज ज्वारीची भाकरी व्हायची, रूमवर आल्यावर वेळ नाही म्हणून पोळ्या आणि ब्रेड. भाकरी परत आली. भाकरी म्हणजे वजनावरचं औषध नव्हे, चार खाल्ल्या तर चारच असतात. पण घट्ट वरण, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी सोबत असली की पोट भरतं आणि आठ वाजता गाडा हाक मारत नाही. सकाळी क्लासच्या आधी दोन अंडी किंवा मोड आलेले मूग. पाच वाजता फुटाणे, केळं, ताक. वडापाव आठवड्यातून एकदा, लपून नाही, घरच्यांसोबत. थंड पेयाचं त्याने स्वतःच गणित मांडलं: २५० मिलीच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर, सहा चमचे. "चहात सहा चमचे घातले तर मम्मी कानाखाली देईल," म्हणाला.

क्लास दीड किलोमीटरवर. आई स्कूटीवर सोडायची, दहा मिनिटं वाचावीत म्हणून. आता सायकल. सायकलवर शर्ट काढावा लागत नाही, हे त्याने सुचवलेलं कारण मला सगळ्यात पटलं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज ६० मिनिटं हालचाल सांगते; त्याची चाळीसेक होते.

झोपेवर मात्र खरी लढाई झाली. रात्री दीडला झोपून साडेपाचला उठणारं पोर. झोप कमी पडली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं घटतं, हे मी वडिलांना तीनदा समजावलं. या वयाला आठ ते दहा तास लागतात म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पोराला 'नीट' सोडून द्यायला सांगतेय. "बाकीचे जागतात मॅडम." शेवटी अकरावर तडजोड झाली. साडेसहा तास. मला हे पुरेसं वाटत नाही, आजही वाटत नाही, पण लातुरात मला एवढंच मिळालं.

ऑगस्टमध्ये तो साध्या ढगळ शर्टात आला. मी शर्टाबद्दल काही बोलले नाही. निदान तेवढं शिकले होते. छातीचं वडिलांना त्याने स्वतः सांगितलं, सायकलचं पंक्चर काढता काढता. वडील म्हणाले म्हणे, "मलाबी होतं तुझ्या वयात," आणि पंक्चर काढत राहिले. मला वाटतं, माझ्या सगळ्या भेटींपेक्षा ते वाक्य जास्त कामी आलं.

एक सांगून ठेवते. जेवण वारंवार टाळणं, खाऊन उलटी काढणं, चक्कर येणं, झपाट्याने वजन उतरणं, किंवा "मी नसलेलोच बरा" असं काही कानावर आलं, तर वाट बघू नका. डॉक्टर गाठा, रात्री-अपरात्री मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

मार्गशीर्ष अमावस्येला, शेतात पूजा करून पंगत बसते त्या येळवशीच्या सणाला, दुपारी ताईंचा फोन आला. शेतातून, मागे पोरांचा कालवा. वजन साडेतीन किलोने उतरलंय, उंची वाढलीय, हे मला डॉक्टरांकडून कळलं होतं. त्यांना वेगळंच सांगायचं होतं. दादाने आंबिलाचं मडकं डोक्यावर आणलं, सगळ्या भावांसोबत पंगतीला बसला. गेल्या वर्षी तो येळवशीला रूमवरच थांबला होता.

"भज्जीसंगं उंडे किती खाल्ले ते विचारू नका मॅडम."

"मी कशाला विचारू? तुम्ही मोजले का?"

ताई जरा गप्प झाल्या.

"मोजले," म्हणाल्या. "पण बोलले नाही."