आजी व्हेंटिलेटरवर असताना

व्हेंटिलेटर लावला म्हणजे सगळं संपलं, असं मनात आणू नकोस. श्वास देणाऱ्या या यंत्राची नळी घशात स्वरतंतूंमधून जाते, म्हणून आजीला बोलता येत नाही. शिवाय झोपेचं औषध चालू असतं. तरी हात स्वच्छ धुऊन तिचा हात धर, कानाशी आपलं नाव सांग, घरचं बोल. ऐकू येत असण्याची शक्यता असते. तिचे हात बांधलेले दिसले तर घाबरू नकोस, नळी ओढली जाऊ नये म्हणून बांधतात. डॉक्टरांना रोज विचार: यंत्रातून ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय, कालपेक्षा कमी की जास्त? साध्या हवेत तो २१ टक्के असतो, आकडा त्याच्याकडे उतरत गेला तर चांगलं. डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलावं. रुग्णालय मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत असेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, आजच भेट. आणि बाबांना रात्री घरी झोपायला पाठव.