जुन्या डिझेल पिकअपचं इंजिन सकाळी टकटक वाजतं, काय असेल? आणि भंगारातून आणलेल्या चाकाच्या डिस्का (रिम) बसतील का?

इंजिन तापल्यावर आवाज कमी होतो का, ते आधी बघा. होत असेल तर बहुधा टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप वाढलीय किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची) गॅस्केट फुंकतेय, म्हणजे तिथून गॅस गळतोय. गॅस्केट असेल तर जोडापाशी काजळी दिसते. टॅपेट सेट करणं किरकोळ काम आहे. पण लोड घेतल्यावर खालून जड ठोका येत असेल, तर बिग-एंड बेअरिंगची (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) शंका घ्या, ऑइल प्रेशर तपासा आणि तोवर गाडी हाकू नका. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आवाज वरून येतोय की खालच्या ऑइल चेंबरकडून, ते कळतं. फॅन-बेल्टपासून हात लांब.

डिस्क नुसती भोकं मोजून घेऊ नका. सहा नटांची असेल तर समोरासमोरच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा, १३९.७ मिमी (साडेपाच इंच) हे माप बरंच आढळतं. हबवर बसणारं मधलं भोक, ऑफसेट (डिस्क किती आत-बाहेर बसते ते माप) आणि वजन पेलायची क्षमताही जुळायला हवी. पिकअपवर माल चढतो, कारची डिस्क चालत नाही. नटाचा उतार आणि डिस्कमधला खळगा सारखाच हवा, नाहीतर नट सुटतो. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, ५०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावा.