रोज तासभर रियाज करूनही गाणं कोरडं का वाटतं?

दोन वर्षं रोज तासभर रियाज, सूर फारसा चुकत नाही, तरी ऐकणारे म्हणतात 'गाणं कोरडं वाटतं', आणि वरच्या सप्तकात शिरलं की गळा आवळतो, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः या दोन्हीतून गेले आहे. रोज सकाळी पूर्ण ताकदीने गायचे, संध्याकाळपर्यंत आवाज बसायचा आणि हा मेहनतीचा पुरावा आहे असं मला वाटायचं. पुढे एका गुरूंनी गाणं पूर्ण थांबवलं आणि कितीतरी दिवस फक्त सा लावायला सांगितला. तेव्हा कळलं की मी इतका वेळ गात होते, पण स्वतःला ऐकतच नव्हते. तुमच्या प्रश्नाचं मूळही मला तिथेच दिसतं.

आधी गळ्याबद्दल. 'पोटातून गा' असं सगळे सांगतात आणि त्यातून गैरसमज होतो. हवा पोटात जात नाही. श्वास घेताना फुप्फुसांखालचा पडदा खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येतं, इतकंच. गाताना ती हवा एकदम सुटू द्यायची नसते. बरगड्या जितक्या फुलल्या तितक्या शक्य तेवढा वेळ तशाच राहू द्यायच्या आणि हवा बारीक, एकसारखी सोडायची. दातांतून 'स्स्स' असा आवाज काढत पंधरा-वीस सेकंद तो जराही कमीजास्त होऊ न देता टिकवून बघा. शेवटी पोट आवळून जोर लावावा लागला तर तिथे थांबा. दमसास ओढाताणीने वाढत नाही.

वरच्या स्वरांसाठी जास्त हवा लागते ही समजूत तर पहिली सोडा. समजा तुमची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून तुम्ही गाता तो, पेटीची पांढरी सहा आहे. मधल्या सा ला स्वरतंतू सेकंदाला २२० वेळा कंप पावतात आणि तार सा ला ४४० वेळा. हा दुप्पट वेग त्यांना ताणलं जाऊन, कडेने पातळ होऊन मिळतो. खालून हवेचा लोट दिला की तो रोखायला ते एकमेकांवर घट्ट दाबले जातात. तुम्हाला जाणवणारं आवळणं बहुतेक हेच. शिवाय आपण हनुवटी वर करतो आणि जिभेचं मूळ मागे ओढतो. गाताना अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागाला हलकेच लावून ठेवा. वर जाताना तो भाग दगडासारखा होत असेल तर स्वराचं काम जीभ करू पाहतेय.

यावर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो साध्या स्ट्रॉचा. बारीक स्ट्रॉ ओठांत धरायची, नाकातून हवा जाऊ द्यायची नाही आणि 'ऊ' म्हणत खालून वर, वरून खाली मींडीसारखं सरकत राहायचं. पाच मिनिटं पुरतात. तोंडाशी वाट अरुंद असल्यामुळे हवेचा थोडा दाब उलटा स्वरतंतूंपर्यंत पोचतो आणि ते एकमेकांवर जोरात न आपटता हलतात. लगेच तोच स्वर आकारात, म्हणजे 'आ' म्हणत, लावून बघा, फरक त्याच क्षणी ऐकू येतो. वर 'ई' आवळत असेल तर ती किंचित 'ए'कडे झुकू द्या, ऐकणाऱ्याला ती 'ई'च वाटते. आणि पट्टी तुमचीच आहे ना, हेही तपासा. मूळ गायकाच्या पट्टीत गायलाच हवं असा नियम नाही. अर्धा सूर खाली उतरल्याने गाणं सुटत असेल तर उतरा.

आता कान. तुम्ही पेटीवर सूर तपासत असाल, तर काही दिवस ती बाजूला ठेवा आणि तानपुऱ्यावर गा, ॲपवरचा चालेल. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात, म्हणून तिचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, तानपुऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून) आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात, त्यातले १४. आकडा लहान वाटेल, पण तानपुऱ्यात ग नेमका मिसळला की तो वेगळा ऐकूच येत नाही, सगळा नाद एकदम भरून येतो. हा अनुभव एकदा आला की 'सूर चुकला नाही' आणि 'सूर लागला' यांतलं अंतर सांगावं लागत नाही. तुमच्या कोरडेपणाचा अर्धा भाग मला इथे असावा असं वाटतं.

रोज रेकॉर्डिंग करा. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो आतून जास्त भरदार वाटतो. बाहेर काय पोचतं ते फोनच सांगतो. मात्र पूर्ण गाणं रेकॉर्ड करू नका. एक ओळ घ्या, ऐका, एकच गोष्ट ठरवा आणि पुन्हा गा. तासभर सलग गाण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका मला केव्हाही बऱ्या वाटतात. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा गायल्याने त्यातल्या चुकाच गळ्यात पक्क्या बसतात.

उरलेला कोरडेपणा शब्दांचा. 'तू आज येणार होतास' हे साधं वाक्य घ्या. वजन 'तू'वर दिलं तर दुसरं कुणीतरी आलेलं आहे, 'आज'वर दिलं तर दिवस हुकलाय, 'होतास'वर दिलं तर वाट बघून संपलीय. सूर लावायच्या आधी गाण्याची ओळ अशीच बोलून बघा, समोर खरंच एक माणूस आहे असं धरून. श्वास अर्थ तुटेल तिथे घेऊ नका. स्वर ठेवायचा तो शब्दातल्या 'आ', 'ई', 'ओ'वर. शेवटचा 'न' किंवा 'म' लवकर मिटला की आवाज तिथेच विझतो. मग तीच ओळ इतकी हळू गा की शेजारी बसलेल्यालाच ऐकू जावी, पण सूर आणि श्वास सुटता कामा नये. मोठ्याने गाण्यापेक्षा हे फार अवघड आहे. सगळे स्वर एकाच जोराने लावले की कान थकतो, म्हणून कुठला स्वर मागे ठेवायचा ते आधी ठरवा. हरकती-मुरक्या सगळ्यात शेवटी. ओळ साधी गाऊन उभी राहत नसेल तर त्या तिला सावरत नाहीत.

गळ्याची काळजी थोडक्यात: पाणी दिवसभर प्या, कारण गाण्याच्या ऐन वेळी घेतलेला घोट अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंना लागतही नाही. आवाज बसला तर कुजबुजू नका, जोर लावलेल्या कुजबुजीचाही ताण पडतो, गप्प राहा. दुखत असेल तर त्या दिवशी रियाज नाही. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तुम्ही गाता हे त्यांना आवर्जून सांगा. त्यात संकोच कसला? १८५४ मध्ये मानुएल गार्सिया यांनी छोट्या आरशांच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि घसा तपासायची ती पद्धत पुढे डॉक्टरांनी उचलली. गार्सिया गाणं शिकवायचे.