आयपीएस पेशींचे टेलोमिअर आखूडच का?

प्रश्न: त्वचापेशींपासून केलेल्या आयपीएस पेशींत (पुन्हा मूळपेशींसारख्या केलेल्या पेशी) पाचव्या पॅसेजलाही (पेशी नव्या भांड्यात वाढवण्याची एक फेरी) टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोके, आखूडच दिसतात. रिप्रोग्रॅमिंग, म्हणजे पेशींना असे मूळपेशींसारखे करणे, फसले का?

उत्तर: एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. टर्ट जनुक जागे होऊन टेलोमरेज (टेलोमिअर लांबवणारे विकर) कामाला लागले, तरी लांबी हळूहळू, पॅसेजागणिक वाढते. १५ ते २०व्या पॅसेजला पुन्हा मोजा. तुलनेसाठी मूळ त्वचापेशींचा डीएनए मोजणीच्या त्याच प्लेटवर हवाच. आयपीएस पेशींना आधार म्हणून खाली वाढवलेल्या उंदराच्या फीडर पेशी असतील, तर त्या आधी काढा. त्यांचेही टेलोमिअर टीटीएजीजीजी याच क्रमाचे, पण बरेच लांब. निकाल उगाच फुगतो. क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची चाचणी) टेलोमिअरच्या लांबीची फक्त सरासरी देते आणि विभाजन अडते ते सर्वांत आखूड टोकांमुळे, म्हणून शंका असल्यास क्यू-फिश (चमकणाऱ्या खुणेने एकेका टोकाची लांबी मोजण्याची चाचणी) करा. तरीही वाढ नसेल, तर त्वचापेशी देणाऱ्या दात्याच्या टर्ट, टर्क, डीकेसी१ या टेलोमरेजशी संबंधित जनुकांत उत्परिवर्तन आहे का ते पाहा.