डच जोडशब्द कुठे तोडायचा आणि आघात कुठे द्यायचा?

आधी दोन घटकांच्या सांध्यावर तोडा, मग प्रत्येक घटकाची अक्षरं पाडा. मुख्य आघात (उच्चारातला जोर) बहुतेक वेळा पहिल्या घटकावर येतो, आणि तो घटक सुटा असताना जिथे असतो तिथेच. 'स्टाशॉन' (स्थानक) या शब्दाचा जोर शेवटी आहे, म्हणून 'स्टाशॉन्सप्लेइन' (स्थानकासमोरचा चौक) म्हणतानाही तो 'शॉन्स'वरच राहतो.

सांधा आधी शोधायचा कारण उच्चार त्यावर ठरतो. 'आवोन्टएटन' (रात्रीचं जेवण) लिहिताना पहिल्या घटकाच्या शेवटी 'ड' असतो. एरवी दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या अक्षरात जातं, त्या सवयीने 'आ-वोन-डे-टन' म्हटलं की चुकलंच. घटकाचा शेवट हा शब्दाचाच शेवट धरतात आणि तिथे 'ड'चा 'ट' होतो: आ-वोन्ट-ए-टन. 'आवोन्ट' (संध्याकाळ) या सुट्या शब्दाच्या अनेकवचनात मात्र सांधा नसतो, म्हणून आ-वोन-डन. जोडणारा 'स' किंवा 'अन' नेहमी डावीकडे ठेवा: झीकन-हाउस (रुग्णालय). कधी अर्थ पाहूनच तोडावं लागतं. एकाच स्पेलिंगचे 'क्वार्ट-स्लागन' (पाव फेरे) आणि 'क्वार्ट्स-लागन' (क्वार्ट्झचे थर) असे दोन शब्द होतात.

आघाताला अपवाद आहेत, ते शब्दकोशात पाहून पाठच करावेत:
- 'स्टाटहाउस' (नगरभवन): जोर 'हाउस'वर
- 'बुरनकोल' (केल ही पालेभाजी): जोर 'कोल'वर
- 'इख' प्रत्ययाची विशेषणं: 'नोटलॉट' (नियती) यात जोर 'नोट'वर, पण 'नोटलॉटिख' (घातक) यात 'लॉट'वर