दाबायचं नाही, टेकवायचं

(बेळगावच्या शहापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी त्याच टेबलावर घड्याळं उघडत होतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.)

प्रश्न : माझं वय 64. मुलानं पुण्याहून येताना नवा फोन आणून दिला. फोन वाजला की मी हिरव्या बटणावर दाब दाब दाबते, पण उचललाच जात नाही. एखाद्या वेळी उचलला जातो, पुढच्या वेळी परत तेच. व्हॉट्सॲपचं चित्र दाबलं की बोटाला चिकटून येतं, परवा तर गायबच झालं. मुलाला विचारलं की "आई, कितींदा सांगू" म्हणतो.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : काकू, फोन बिघडलेला नाही. दुकानात असं कुणी आलं की मी फोन हातात न घेता म्हणतो, "दाबून दाखवा बघू." नख पांढरं पडेपर्यंत दाबतात! बटणाच्या फोनची सवय, दुसरं काही नाही. या काचेखाली बटण नाहीच. विजेच्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघांची जाळी आहे. बोट टेकलं की तिथला विजेचा भार किंचित बदलतो आणि फोनला कळतं की बोट इथं आलं. जोर लावून उपयोग नाही. बोट किती वेळ टेकलं यावर सगळं असतं. टेकवून लगेच उचललंत तर फोन समजतो, "उघड." तसंच धरून ठेवलंत तर समजतो, "हलव." तुम्ही धरून ठेवता, म्हणून चित्र बोटाबरोबर येतं. तवा तापलाय का बघायला कसं बोट लावून चटकन काढता, तेवढंच करायचं.

गेलेलं व्हॉट्सॲप बहुतेक फोनमध्येच असेल, फक्त दर्शनी पानावरून निघालंय. बऱ्याच फोनांत पडद्याच्या खालच्या बाजूनं बोट वर सरकवलं की सगळी चित्रं एकत्र दिसतात. तिथं ते सापडलं की या खेपेला मुद्दाम धरून ठेवा आणि ओढून पहिल्या पानावर आणून सोडा. जी चूक होत होती तीच इथं कामाला येते.

तरीही हात जड पडत असेल तर मुलाला एक काम सांगा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो. त्यात बोट किती वेळ धरलं म्हणजे 'धरलं' समजायचं, ती वेळ वाढवता येते. ती लांबातली लांब करून द्यायला सांगा. "कितींदा सांगू" म्हणण्यापेक्षा हे सोपं आहे, असंही सांगा त्याला, माझं नाव घेऊन.

आता कॉल कधी उचलला जातो, कधी नाही, त्याबद्दल. फोन बंद पडद्यानं ठेवलेला असताना कॉल आला तर बहुतेक फोनांत हिरवी खूण नुसती टेकवून चालत नाही, वर किंवा बाजूला ओढावी लागते. पिशवीत, खिशात चुकून उचलला जाऊ नये म्हणून ती सोय. पण तुम्ही फोटो वगैरे बघत असताना कॉल आला तर वरच्या बाजूला छोटी पट्टी येते. तिथं ओढायचं नाही, टेकवायचं. दोन वेगळ्या तऱ्हा आहेत हे कुणी सांगतच नाही, आणि माणूस स्वतःलाच वेडा समजतो.

प्रश्न : चाळीस वर्षं मागावर काढली. माझ्या बोटाला फोन ऐकतच नाही, नातवाचं बोट लागलं की लगेच चालतो. रेशनच्या मशिनवरही अंगठा उमटत नाही.
— एक वाचक, वडगाव

उत्तर : मामा, दोन्हीचं मूळ तुमच्या कातडीत आहे. सूत हाताळून बोटाचं टोक राठ आणि कोरडं झालंय. फोनच्या काचेला थोडा ओलावा लागतो, रेशनच्या मशिनला रेषा लागतात. हात धुऊन पुसा, पार कोरडे ठणठणीत करू नका. बोटाचं टोक नको, पेराचा मऊ भाग आडवा टेकवा. करंगळीजवळचं बोट कमी झिजलेलं असतं, तेही वापरून बघा. काचेवर जाड टेंपर्ड ग्लास (वरून चिकटवलेली जादा काच) असेल तर एकदा काढून पाहा. फोनला बोटाचं कुलूप मात्र लावू नका, आकड्यांचं लावा.

प्रश्न : नातीनं खेळता खेळता फोन कानडीत केला. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. शिवाय फोन लागला नाही की बाई कानडीतच काहीतरी सांगते, तीही मराठीत येईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आक्का, वाचायची गरज नाही, चित्रं बघत चला. दातेरी चाकाचं चित्र म्हणजे सेटिंग. ते उघडून तळापर्यंत जा. 'सिस्टीम' तिथंच आसपास असतं, त्यात भाषेचा भाग. (काही कंपन्या भाषा दुसऱ्या कप्प्यात ठेवतात.) अडलंच तर शेजारच्या कानडी वाचणाऱ्या पोरीला बोलवा आणि "भाषे कुठंय?" एवढंच विचारा, शब्दही आपलाच निघेल. एकदा भाषांच्या यादीत पोचलात की प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत लिहिलेली असते, त्यामुळे 'मराठी' तुम्हाला स्वच्छ मराठीतच दिसेल. ती यादीत वर ओढून ठेवा.

बाईचं म्हणाल, तर ती फोनमध्ये बसलेली नाही, सिमच्या कंपनीकडे बसलीय. फोन मराठी केला तरी ती कानडीच बोलणार. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून भाषा बदलून मिळते का विचारावं लागेल.

प्रश्न : एका माणसानं फोनवर सांगितलं, तुमच्या खात्यात पैसे येतायत, पिन टाका. मी टाकला नाही. बरोबर केलं ना? आणि मला टाइप करायला फार वेळ लागतो, ते कसं जमवायचं?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : अगदी बरोबर केलंत. यूपीआयचा पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही. कुणी फसलंच तर लाज न धरता ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

टाइप करू नका, बोला. कळफलकावर माइकचं चित्र असतं, ते टेकवून बोललात की अक्षरं उमटतात. आधी कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घालून घ्या, हिंदीवर ठेवलात तर आपला 'ळ' सांभाळला जाईलच असं नाही. एक गंमत सांगतो. परवा दुकानात मी माइक टेकवून बायकोला आपल्या बेळगावी बोलीत निरोप सांगितला, "जेवायला येऊलालोय." पडद्यावर काय आलं ते इथं छापता येणार नाही. दुसऱ्यांदा "येतोय" म्हटलं, तेव्हा नीट उमटलं. तिकडून उत्तर आलं, "कोण बोलूलालाय?"